‘कोपियस’ : एका विपुलतावाचक इंग्रजी विशेषणाचा अर्थ, उगम आणि उपयोग

इंग्रजी भाषेत विपुलता दर्शविणारी विशेषणे पुष्कळ आहेत. अबन्डन्ट, प्लेन्टिफुल, अँपल, प्रोफ्यूज, लॅव्हिश ही त्यांपैकी नित्य परिचयाची. ‘कोपियस’ हे विशेषण सामान्यतः याच मालिकेत बसविले जाते आणि ‘विपुल, भरपूर, पुष्कळ’ असे ठरावीक मराठी प्रतिशब्द देऊन त्याची बोळवण केली जाते. दैनंदिन व्यवहारापुरते हे प्रतिशब्द चुकीचे नाहीत. भरपूर पाऊस, भरपूर रक्तस्राव, भरपूर टिपणे अशा ठिकाणी त्यांनी काम भागते. अडचण येते ती हे विशेषण भाषेला, शैलीला किंवा लेखकाला लावले जाते तेव्हा. अशा वेळी त्याचा ‘पुष्कळ’ हा अर्थ घेतला, तर मूळ विधानातील मूल्यमापन नाहीसे होते आणि हाती केवळ मोजमाप उरते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण भारतीय विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाच्या पहिल्याच पाठात भेटते. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे आपले तिसरे वार्षिक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान मूळ भाषेपासून उद्भवल्या असाव्यात, ही त्यांची कल्पना त्या व्याख्यानातील. तेथेच त्यांनी संस्कृतची या दोन भाषांशी तुलना केली. पूर्णतेच्या बाबतीत त्यांनी तिला ग्रीकच्या वर ठेवले, संस्कारितपणात दोहोंच्या वर, आणि लॅटिनशी तुलना करताना जो गुण निवडला त्याचे नाव ‘कोपियस’. हे विधान गेली दोनशेहून अधिक वर्षे आपल्याकडे अभिमानाने उद्धृत होत आले आहे. परंतु संस्कृत लॅटिनहून ‘अधिक विपुल’ आहे, या मराठी वाक्याचा नेमका अर्थ काय? विपुल म्हणजे कशाने विपुल? शब्दांच्या संख्येने, ग्रंथांच्या संख्येने की आणखी कशाने? या प्रश्नाचे उत्तर जोन्सच्या व्याख्यानाइतकेच त्या विशेषणाच्या इतिहासातही शोधावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तो इतिहास हा आहे.

उगम

‘कोपियस’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्याचे मूळ लॅटिन ‘कोपिओसुस’ या विशेषणात आहे आणि त्या विशेषणाचे मूळ ‘कोपिया’ या नामात. ‘कोपिया’ची फोड ‘को’ हा उपसर्ग आणि ‘ऑप्स’ हे नाम अशी केली जाते. ‘ऑप्स’ म्हणजे धन, बळ, साधनसामग्री. रोमन लोकांत याच नावाची एक समृद्धीची देवता होती. इंग्रजीतील ‘ऑप्युलन्ट’ हा शब्दही याच घराण्यातील. ऋग्वेदात धन, मालमत्ता या अर्थी येणारा ‘अप्नस्’ हा शब्द ‘ऑप्स’चा सगोत्र मानला जातो आणि कर्म या अर्थाचा ‘अपस्’ही त्याच्या नात्यात सांगितला जातो. ‘काम’ अर्थाचा लॅटिन ‘ओपुस’ याच मुळाचा. म्हणजे या शब्दकुळाच्या तळाशी जी कल्पना आहे ती नुसत्या ढिगाची नाही. कामातून निर्माण होणारे आणि कामाला येणारे धन, अशी ती आहे.

लॅटिनमध्ये ‘कोपिया’ला दोन अर्थच्छटा आणखी होत्या. एकवचनात तो शब्द ‘संधी, मुभा, सामर्थ्य’ या अर्थानेही वापरला जाई. अमुक गोष्ट करण्याची ‘कोपिया’ असणे म्हणजे ती करण्याची शक्ती अथवा परवानगी असणे. अनेकवचनात ‘कोपिए’ म्हणजे सैन्य किंवा रसद. सीझरच्या गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात हा शब्द फौज या अर्थाने वारंवार येतो. धान्याचे कोठार आणि छावणीतील फौज या दोहोंना एकच शब्द का लागू व्हावा, असा प्रश्न पडू शकतो. पण दोन्ही गोष्टी हाताशी राखून ठेवलेल्या असतात आणि वेळ आली की उपयोगात आणल्या जातात. तुकोबांच्या एका सुपरिचित अभंगात शब्द हे घरातले धनही आहेत आणि हाती घ्यावयाचे शस्त्रही, याचे या ठिकाणी स्मरण होते. तुकोबांचा लॅटिनशी अर्थातच काही संबंध नाही. तरी शब्दांकडे धन आणि शस्त्र या दोन नात्यांनी एकाच वेळी पाहणे दोन्हीकडे घडले आहे.

‘कोपिया’चा विरुद्धार्थी शब्द ‘इनोपिया’ : दैन्य, साधनहीनता. हा विरोध पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘कोपियस’ची विरुद्ध बाजू ‘संक्षिप्त’ ही नसून ‘दरिद्री’ ही आहे. आधुनिक वाचकाची गफलत बहुधा येथेच होते.

पुराणकथांतील ‘कॉर्नुकोपिया’, म्हणजे समृद्धीचे शिंग, हे या शब्दाचे सर्वज्ञात रूप. ओव्हिडने त्याच्या दोन निरनिराळ्या कथा सांगितल्या आहेत. एकीत बालक जुपिटरला दूध पाजणाऱ्या शेळीचे शिंग मोडते आणि अमाल्थिया ही अप्सरा ते फळांनी भरून त्याच्यापुढे ठेवते. दुसरीत हर्क्युलीस नदीदेव अकेलोअस याचे शिंग उपटतो आणि जलदेवता ते फळाफुलांनी भरतात. दोन्ही कथांत शिंग आधी मोडलेले असते, मग भरले जाते. चित्रकारांनी ओसंडून वाहणारे शिंग तेवढे उचलले.

वक्तृत्वशास्त्रातील ‘कोपिया’

साहित्यविचारात या शब्दाला पारिभाषिक स्थान मिळाले ते रोमन वक्तृत्वशास्त्रामुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील क्विंटिलियन याने आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथाच्या दहाव्या भागात वक्त्याने काय वाचावे याची चर्चा केली आहे. तिचा आरंभच या कल्पनेने होतो. वक्त्याजवळ शब्दांची आणि विषयांची ‘कोपिया’ असली पाहिजे. हवे तेव्हा हाती लागेल असा तो संचय असला पाहिजे. पण लगेच तो एक इशाराही देतो. काही लोक समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करतात. क्विंटिलियनच्या मते हा पोरखेळ आहे, कारण शब्दसंचय विवेकाने झाला पाहिजे. ज्याच्याजवळ पुष्कळ शब्द आहेत पण त्यांतला कोणता कोठे योजावा हे कळत नाही, त्याच्याजवळ ‘कोपिया’ नाही, नुसता साठा आहे.

अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा असलेल्या आपल्या पाठशाळांवर हा आक्षेप लागू पडतो का, असा प्रश्न जिज्ञासूंना पडेल. वर्गवार आणि छंदोबद्ध रचलेल्या त्या कोशाचे पाठांतर काव्यरचनेशी आणि ग्रंथवाचनाशी जोडलेले होते. तो उपयोग संपल्यावर नुसते पाठांतर जेथे उरले तेथे क्विंटिलियनचा आक्षेप अचूक लागतो, असे म्हणता येईल.

या विचाराचे युरोपीय प्रबोधनकाळातील पुनरुज्जीवन इरॅस्मसने केले. शब्दांची व आशयाची द्विविध ‘कोपिया’ हा विषय असलेला त्याचा लॅटिन ग्रंथ १५१२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. तो त्याने जॉन कॉलेट याला अर्पण केला होता आणि कॉलेटने लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट पॉल शाळेतील विद्यार्थी त्याच्या नजरेसमोर होते. म्हणजे हे मुळात पाठ्यपुस्तक. पत्र मिळून फार आनंद झाला, अशा आशयाचे एक साधे लॅटिन वाक्य घेऊन इरॅस्मस ते शंभराहून अधिक प्रकारे फिरवून दाखवितो. या प्रात्यक्षिकामुळे ग्रंथ प्रसिद्धी पावला आणि त्यामुळेच त्याच्याविषयी गैरसमजही पसरला. एकच गोष्ट शंभर प्रकारे सांगणे म्हणजे पाल्हाळ, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते.

वस्तुतः इरॅस्मस ग्रंथाच्या आरंभीच पोकळ बडबडीविषयी सावध करतो. ‘कोपिया’च्या मागे लागून अनेक जण निरर्थक वाचाळतेत अडकतात, हे त्याला पूर्णपणे माहीत होते. त्याचे यापुढचे प्रतिपादन अधिक मार्मिक आहे. विस्तार करण्याची कला ज्याला अवगत आहे त्यालाच संक्षेपाचीही कला साधते, असे तो मांडतो. एखादी गोष्ट सांगण्याचे सर्व मार्ग ज्याला ठाऊक आहेत, तोच त्यांतला सर्वांत आखूड मार्ग निवडू शकतो. ज्याला एकच मार्ग माहीत आहे त्याचा आखूडपणा हा संयम नव्हे, नाइलाज आहे. या दृष्टीने पाहता शंभर वाक्यांचे प्रात्यक्षिक हे शंभर वाक्ये लिहिण्यासाठी नाही. शंभरांतून एक निवडता यावे म्हणून शंभर हाताशी हवीत.

ग्रंथाचा दुसरा भाग आशयाच्या ‘कोपिया’विषयी आहे. तेथे इरॅस्मस विद्यार्थ्यांना टिपणवही ठेवावयास सांगतो. वाचताना सापडलेली उदाहरणे, दृष्टान्त, सुभाषिते ही विषयवार मथळ्यांखाली नोंदवावीत, म्हणजे लिहिण्या-बोलण्याच्या वेळी ती सापडतील. आज इंग्रजीत ‘कोपियस’ हे विशेषण ज्या नामाशी सर्वांत सहज जुळते ते ‘नोट्स’ हे असावे, यात मौज आहे. मात्र इरॅस्मसच्या टिपणवहीत मथळे आणि वर्गीकरण होते. वर्गात सांगितले गेलेले प्रत्येक वाक्य उतरवून घेणे त्याला अभिप्रेत नव्हते.

‘कॉपी’शी नाते

उतरवून घेण्याचा विषय निघाला म्हणून ‘कोपियस’च्या एका अनपेक्षित भावंडाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘कॉपी’ हा शब्दही ‘कोपिया’पासूनच आला आहे. विपुलतेपासून नकलेपर्यंतचा हा प्रवास वर सांगितलेल्या ‘मुभा’ या अर्थच्छटेतून झाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये एखादा दस्तऐवज उतरवून घेण्याची ‘कोपिया’ देणे, म्हणजे तशी परवानगी देणे, असा प्रयोग रूढ होता. कालांतराने परवानगीचे नाव उतरवून घेतलेल्या प्रतीला चिकटले. आपल्याकडे हाच शब्द परीक्षागृहात येऊन स्थिरावला आहे आणि तेथे त्याचा अर्थ परवानगीच्या नेमका उलट झाला आहे! शब्दांचे भाग्य असेही फिरते.

इंग्रजीत ‘कॉपी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, विपुलता आणि प्रत, काही शतके शेजारी-शेजारी नांदले. फ्रान्सिस बेकनने १६०५ साली विद्येच्या प्रगतीविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्याचा पुरावा सापडतो. विद्येला जडलेल्या विकारांपैकी पहिला विकार म्हणून तो आशय सोडून शब्दांच्या मागे लागण्याची वृत्ती सांगतो. सिसेरोच्या शैलीचे अंधानुकरण करणाऱ्या पंडितांवर त्याचा रोख आहे, आणि त्या काळाचा ओढा वजनापेक्षा ‘कॉपी’कडे होता, असा त्याचा अभिप्राय आहे. येथे ‘कॉपी’ म्हणजे नक्कल नव्हे, विपुलता. आजच्या वाचकाला ते वाक्य नकलेविषयीचे वाटते आणि गंमत अशी की तसे वाचले तरी ते जवळजवळ खरेच ठरते. टेरेन्स केव्ह यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच प्रबोधनकालीन लेखनाच्या अभ्यासात ‘कोपिया’ या कल्पनेतील हीच द्विधा केंद्रस्थानी ठेवली आहे. इरॅस्मस, राब्ले, रोन्सार आणि माँतेन्य यांच्या लेखनातील समृद्धी पोकळीच्या आणि पुनरावृत्तीच्या किती जवळून जाते, हे त्यांनी दाखविले.

बेकनच्या आधीच रंगभूमीवर या विकाराची टवाळी होऊन गेली होती. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्निस नावाचा एक पंतोजी आहे. चौथ्या अंकात हरणाच्या शिकारीविषयी बोलताना तो आकाशाला तीन नावे देतो, जमिनीला तीन नावे देतो, आणि प्रत्येक वेळी जणू विद्यार्थ्यांना उतरवून घेण्यासाठी थांबतो. तीन नावांनी आकाश तिप्पट होत नाही, अर्थातही भर पडत नाही. क्विंटिलियनने ज्यांना पोरखेळ म्हटले होते त्या याद्या येथे प्रौढ माणसाच्या तोंडी आल्या आहेत. शेक्सपिअर स्वतः मात्र याच शिक्षणपद्धतीच्या वातावरणात वाढलेला होता. टी. डब्ल्यू. बॉल्डविन यांनी १९४४ च्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात तत्कालीन ग्रामर स्कूलचा अभ्यासक्रम तपशिलाने मांडला असून त्यात इरॅस्मसच्या ग्रंथाचे स्थान दाखविले आहे. होलोफर्निसची टर उडविण्यासाठी लागणारी शब्दसंपदा ज्या शाळेने दिली, त्याच शाळेची ही टर आहे. ‘कोपिया’ असलेला लेखक ‘कोपिया’चे सोंग घेणाऱ्याला कसा ओळखतो, याचा हा नमुना.

पुढे सतराव्या शतकात वारे पूर्णपणे फिरले. थॉमस स्प्रॅट याने १६६७ मध्ये लिहिलेल्या रॉयल सोसायटीच्या इतिहासात शब्दविस्तार त्याज्य ठरविला आणि जितक्या वस्तू तितकेच शब्द हा आदर्श पुढे ठेवला. विज्ञानाच्या गद्याला त्याचा लाभ झाला यात शंका नाही. पण ‘कोपियस’ या विशेषणातील प्रशंसा येथून ओसरू लागली. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत इंग्रजी भाषेला हे विशेषण देतो तेव्हा त्याच्या जोडीला तक्रारही असते. भाषा संपन्न आहे पण तिच्यात व्यवस्था नाही, असा त्याचा सूर आहे. व्यवस्थेविना ‘कोपियस’ असणे हे क्विंटिलियनला वदतोव्याघातासारखे वाटले असते. जॉन्सनच्या काळी ते शक्य झाले होते, कारण शब्दातील विवेकाचा अंश तोवर गळून पडला होता.

आजचा उपयोग

आजच्या इंग्रजीत ‘कोपियस’ हे बहुधा प्रवाही किंवा साचत जाणाऱ्या गोष्टींना लावले जाते : अश्रू, घाम, पाऊस, पाणी, टिपणे, तळटिपा, पत्रव्यवहार. वैद्यकात जखम किंवा डोळे भरपूर पाण्याने धुवावेत असे सांगताना हाच शब्द वापरतात. सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तूंशी तो फारसा जुळत नाही. ‘कोपियस खुर्च्या’ असे इंग्रज म्हणत नाही. सजातीय विशेषणांपासून त्याचे वेगळेपण मुळांतून उमगते. ‘अबन्डन्ट’च्या मुळाशी लाट आहे, म्हणून त्यात काठ ओलांडणे आहे. ‘प्रोफ्यूज’च्या मुळाशी ओतणे आहे, म्हणून त्यात हात सैल सुटल्याची, प्रसंगी उधळपट्टीची छटा आहे. ‘कोपियस’च्या मुळाशी साठा आहे. ‘प्रोफ्यूज’ लेखक किती खर्च करतो ते कळते. ‘कोपियस’ लेखकाजवळ किती आहे याची जाणीव होते. हा भेद आज इंग्रजी मातृभाषा असणारे लेखकही नेहमी पाळतातच असे नाही, आणि ‘कोपियस अमाउंट्स’ या सर्रास रूढ झालेल्या प्रयोगात तर विशेषण नुसते भारदस्तपणासाठी बसविलेले असते.

समीक्षेच्या क्षेत्रात मात्र जुना अर्थ अधूनमधून जागा होतो. वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ च्या आपल्या मौखिकता व साक्षरता या विषयावरील ग्रंथात मौखिक संस्कृतींच्या विचारपद्धतीची काही लक्षणे सांगितली आहेत. त्यांपैकी एक लक्षण पुनरुक्तीचे असून त्यासाठी त्यांनी ‘कोपियस’ हाच शब्द योजला आहे. वाचकाला पान मागे उलटता येते, श्रोत्याला येत नाही. म्हणून वक्त्याला सांगितलेले पुन्हा वेगळ्या रीतीने सांगावे लागते. ऑन्ग यांच्या मते वक्तृत्वशास्त्राने ‘कोपिया’ म्हणून जिचा गौरव केला ती याच गरजेतून वाढलेली सवय होती आणि ती लेखनयुगातही टिकून राहिली. हे स्पष्टीकरण उपयुक्त आहे, परंतु अपुरे आहे. गरज सांगितल्याने गुणाचा उलगडा होत नाही. सगळेच वक्ते पुनरुक्ती करतात. त्यांतला एखादाच श्रोत्याला प्रत्येक आवृत्तीगणिक नवे काही देतो.

जोन्सचे विधान

आता जोन्सच्या विधानाकडे परत येता येते. हॅरो व ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या, १७७४ मध्ये आशियाई काव्यावर लॅटिनमधून ग्रंथ लिहिणाऱ्या जोन्सला ‘कोपिया’ची परंपरा परकी असणे शक्य नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भाषेची श्रीमंती आणि गरिबी हा वाद खुद्द रोमन लोकांचाच होता. लुक्रेशियसने आपल्या तत्त्वज्ञानपर काव्यात मातृभाषेच्या दारिद्र्याची तक्रार वारंवार केली आहे. ग्रीकांचे गहन विचार लॅटिनमध्ये मांडताना शब्द अपुरे पडतात, असे त्याचे म्हणणे. सिसेरोने ही तक्रार फेटाळली. लॅटिन ही ‘इनॉप्स’, म्हणजे दरिद्री, नाही, इतकेच नव्हे तर ती ग्रीकहूनही संपन्न आहे असे त्याने एके ठिकाणी म्हटले, आणि दुसऱ्या ठिकाणी शब्दांच्या ‘कोपिया’तही आपण ग्रीकांना हार जात नाही असा दावा केला. म्हणजे जोन्सने संस्कृत व लॅटिनची तुलना करताना जे माप हाती घेतले, ते रोमन लोकांनी स्वतःला मोजण्यासाठी घडविलेले माप होते. ज्या गुणासाठी लॅटिनचे अभिमानी झगडले, त्याच गुणात संस्कृत सरस, असा त्या विधानाचा रोख आहे. ‘अधिक विपुल’ या भाषांतरात हा रोख अजिबात उतरत नाही.

जोन्सच्या मनात शब्दसंख्या असणे संभवत नाही, याचे आणखी एक कारण आहे. त्याने संस्कृतचे अध्ययन १७८५ मध्ये सुरू केले होते. व्याख्यानाच्या वेळी हा अभ्यास कोवळा होता. इतक्या अवधीत कोणी भाषेचे शब्द मोजत नाही. एका धातूपासून उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या योगे शब्द कसे फुटतात हे मात्र नवख्या विद्यार्थ्यालाही लवकर दिसते. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात आणि त्यांचे अर्थ जेवणापासून विनाशापर्यंत जातात. समासांची शक्ती वेगळीच. हे कोठारातील धान्य नसून धान्य पिकविण्याची व्यवस्था आहे, आणि ‘ऑप्स’च्या मुळाशी कर्माची जी कल्पना आढळते तिच्याशी हे जुळते. या व्याख्यानाचा संस्कृतात शब्द अगणित आहेत एवढ्या अर्थाने गौरव करणे म्हणजे जोन्सने दिलेले मोठे प्रमाणपत्र लहान करून घेणे होय.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नाही, हे पुढील एका योगायोगाने ध्यानात यावे. जोन्सच्या व्याख्यानानंतर बरोबर एकोणपन्नास वर्षांनी, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, मेकॉलेने शिक्षणविषयक आपले टिपण लिहिले. त्यात त्याने तिकडील लोकभाषांना दरिद्री ठरविले. दुसरीकडून भर घातल्याखेरीज त्यांत कोणताही मोलाचा ग्रंथ भाषांतरित करणे सोपे जाणार नाही, असे म्हटले, आणि पाश्चात्त्य परिभाषेतून उसने घेतलेल्या शास्त्रीय शब्दांनी त्या समृद्ध करण्याचे काम भावी सुशिक्षित वर्गावर सोपविले. जोन्सचे ‘कोपियस’ आणि मेकॉलेचे दारिद्र्य हे एकाच जुन्या रोमन जोडीचे दोन शब्द आहेत. परंतु मेकॉलेच्या हाती त्यांचे माप बदलले आहे. त्याच्या लेखी भाषेची श्रीमंती म्हणजे तिच्यात आज उपलब्ध असलेली माहिती आणि संज्ञा. भाषेची नवे घडविण्याची शक्ती तो मोजतच नाही. आपल्याकडील पुढच्या अनेक पिढ्यांनी मेकॉलेचा निष्कर्ष नाकारला, पण माप मात्र त्याचेच वापरले; शब्दांची संख्या, परिभाषाकोशांची जाडी आणि ग्रंथांची यादी यांवरून मराठीची श्रीमंती सिद्ध करण्याची सवय अद्यापही सुटलेली नाही.

मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न

मराठीत विपुलतावाचक शब्दांची वाण नाही, परंतु प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे. ‘विपुल’ हा आकारमान व संख्या सांगतो. समीक्षेत तो लेखकाला लावला की त्यात अलीकडे एक संशयही मिसळतो. ‘विपुल लेखन केले’ असे म्हणून पुढे गुणवत्तेबद्दल मौन पाळण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘उदंड’ व ‘रेलचेल’ यांत ओसंडणे आहे. ‘मुबलक’ हा अरबी-फारसी परंपरेतून आलेला शब्द मात्र ‘कोपिया’च्या एका अंगाला आश्चर्यकारकरीत्या जवळचा आहे. विहिरीला मुबलक पाणी आहे, असे म्हणणारा ते किती आहे हे सांगत नाही. गरजेला पुरून उरेल, हवे तेव्हा काढता येईल, एवढे सांगतो. दुर्दैवाने ‘मुबलक शैली’ असे मराठी कानाला सोसवत नाही. ‘साधनसंपन्न’ या शब्दात ‘ऑप्स’चा अर्थ बराच उतरतो, आणि त्याच्या धर्तीवर भाषेसंबंधी ‘शब्दसंपन्न’ किंवा लेखकासंबंधी ‘वाक्संपन्न’ म्हणता येईल. ‘संपन्न’मध्ये मोजमाप नाही, सामर्थ्य आहे, हा त्याचा विशेष. टिपणांना किंवा पावसाला तो चालणार नाही हे खरे. तेथे ‘भरपूर’ आहेच. इंग्रजीतील एका शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द पाहिजे, हा कोशकाराचा हट्ट भाषांतरकाराने चालविण्याचे कारण नाही.

या भेदाची कसोटी मराठीतील एखाद्या प्रत्यक्ष कृतीवर लावून पाहता येते. गीतेच्या सुमारे सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना गीतेत ‘अहिंसा’ हा एक शब्द येतो. त्या एका शब्दासाठी ज्ञानेश्वर शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. संख्येवरून पाहिले तर होलोफर्निसलाही लाजवील असा हा विस्तार आहे. पण ओव्या वाचू लागले की निराळेच काही दिसते. अहिंसेला तेथे एकही पर्यायी नाव दिलेले नाही. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे त्याचे पाऊल जमिनीवर कसे पडते, तो बोलतो कसा, त्याची दृष्टी कशी वळते, हात कसे राहतात, आणि या सर्वांच्या मुळाशी मन कसे असते, हे एकामागून एक येत जाते. पायाविषयी जे सांगितले ते वाणीविषयी पुन्हा सांगितलेले नाही, आणि मनाशी पोचेपर्यंत गीतेतला तो अमूर्त शब्द चालू-बोलू लागलेला असतो. इरॅस्मसने शब्दांच्या ‘कोपिया’हून वेगळी म्हणून जी आशयाची ‘कोपिया’ सांगितली ती हीच. या ओव्यांना ‘विपुल’ म्हटले तर फक्त त्यांची गणती झाली. आणि त्यांपैकी कोणती वगळता येईल ते शोधू लागले, तर हात थांबतो.